ग्रब-२ कोणाला धरते, कुठे आणि कधी: अडॅप्टर प्रथिनांचे बंध वाचायला शिकताना

पेशीतील संदेशवहनाची आकृती पाठ्यपुस्तकात पाहिली, तर पेशीपटलात रोवलेला एक रिसेप्टर, त्याला चिकटलेले एक लहान वर्तुळ, त्या वर्तुळाला चिकटलेले दुसरे वर्तुळ आणि तिथून थेट केंद्रकापर्यंत उतरत जाणारे बाण असा सारा मामला दिसतो. विद्यार्थी ही आकृती पाठ करतो, परीक्षेत काढतो आणि गुणही मिळवतो. परंतु ही वर्तुळे एकमेकांना नेमकी कुठे चिकटली, कोणत्या अटीवर चिकटली आणि किती घट्ट चिकटली, असे विचारले की गाडी अडते. या तीन प्रश्नांची उत्तरे कशी शोधावीत, एवढ्यापुरताच हा लेख आहे. जीवरसायनशास्त्राची पदवी स्तरावरची ओळख असलेल्या आणि प्रयोगशाळेत नुकतेच पाऊल ठेवलेल्या वाचकासाठी तो लिहिला आहे.

स्वतः कोणतीही रासायनिक अभिक्रिया न घडवता दोन किंवा अधिक प्रथिनांना एकत्र आणणाऱ्या प्रथिनांना अडॅप्टर प्रथिने म्हणतात. अशी प्रथिने पुष्कळ आहेत आणि नवागताने त्या सर्वांची यादी करत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच प्रथिन निवडून त्याचा प्रत्येक बंध बारकाईने समजून घेतला, तर बाकीची बरीचशी प्रथिने त्याच पद्धतीने वाचता येतात. या कामासाठी ग्रब-२ सर्वांत सोयीचे आहे, कारण ते आकाराने लहान आहे, जवळपास प्रत्येक पेशीत आढळते आणि त्याच्यावर तीन दशकांहून अधिक काळ काम झालेले आहे.

पहिली पायरी: प्रथिनाची मांडणी समोर घ्या

युनिप्रॉट या मुक्त माहितीसाठ्यात मानवी ग्रब-२ ची नोंद पी६२९९३ या क्रमांकाखाली आहे. ती उघडल्यावर प्रथम लांबी पाहावी. ग्रब-२ मध्ये २१७ अमिनो आम्ले आहेत आणि त्याचे वजन सुमारे २५ किलोडाल्टन भरते. त्यानंतर डोमेनच्या, म्हणजे प्रथिनातील स्वतंत्र घडी घालून ठरावीक काम करणाऱ्या भागांच्या, सीमा पाहाव्यात. साधारणपणे १ ते ५८ या भागात एक एसएच३ डोमेन, ६० ते १५२ या भागात एसएच२ डोमेन आणि १५६ ते २१५ या भागात पुन्हा एक एसएच३ डोमेन आहे. याचा अर्थ असा की बंध जोडणारे हे तीन भाग वजा केले, तर या प्रथिनात जेमतेम सांधेच उरतात. कायनेज (फॉस्फेट चढवणारे एन्झाइम) नाही, फॉस्फेटेज (फॉस्फेट उतरवणारे एन्झाइम) नाही, डीएनएला धरणारा भाग नाही. या सीमा वहीत लिहून ठेवाव्यात, कारण पुढे कोणते उत्परिवर्तन कोणत्या डोमेनमध्ये पडते, हे क्षणात कळण्यासाठी त्यांचाच उपयोग होतो.

इतिहास थोडक्यात सांगायचा, तर टोनी पॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एसएच२ डोमेनचे वर्णन केले. १९८८ मध्ये विषाणूतील क्रक हे प्रथिन सापडले. त्यात स्वतःचे कोणतेही एन्झाइम नसूनही ते पेशींना कर्करोगाच्या वाटेवर नेत होते, आणि त्यामुळे अशी प्रथिने करतात तरी काय, हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. १९९२ मध्ये जोसेफ श्लेसिंजर यांच्या गटाने मानवी ग्रब-२ चे वर्णन केले, आणि त्याच वर्षी रॉबर्ट होर्विट्झ यांच्या गटाने सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीत सेम-५ नावाचे त्याचे भावंड शोधले. वर्षभरात फळमाशीतही तेच प्रथिन डर्क या नावाने आढळले. तिन्ही प्राण्यांत एसएच३, एसएच२, एसएच३ हाच क्रम आहे. कृमीतील सेम-५ मध्ये ज्या बदलांमुळे जननमार्गाची वाढ बिघडते, त्यांतला एक बदल ४९ व्या प्रोलिनच्या जागी ल्युसिन येण्याचा आहे, आणि मानवी ग्रब-२ मध्ये तोच बदल केला की पहिले एसएच३ डोमेन निकामी होते. प्रयोगशाळेत हा बदल आजही नियंत्रण (तुलनेचा नमुना) म्हणून वापरला जातो.

दुसरी पायरी: एसएच२ डोमेन काय वाचते, ते अक्षर अक्षर पाहा

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. एसएच२ डोमेन सुमारे १०० अमिनो आम्लांचे असते आणि मानवात अशी डोमेन सुमारे १२० आहेत. ही सर्व डोमेन टायरोसिनवर फॉस्फेट बसलेले असेल तरच घट्ट बंध करतात, हे त्यांचे समान वैशिष्ट्य आहे. फॉस्फेट नसेल तर बंधाची ताकद शेकडो ते हजारो पटींनी घसरते. मग १२० डोमेनपैकी प्रत्येकाने प्रत्येक फॉस्फोटायरोसिनला का धरू नये? याचे उत्तर टायरोसिनच्या पुढे येणाऱ्या अमिनो आम्लांत आहे.

घरातला टू-पिन प्लग डोळ्यांसमोर आणला, तर एसएच२ चा बंध सहज समजतो. पहिली पिन म्हणजे स्वतः फॉस्फोटायरोसिन. ती ज्या खोल खाचेत जाते, तिच्या तळाशी एक आर्जिनिन असते. ग्रब-२ मध्ये त्याचा क्रमांक ८६ आहे. हे आर्जिनिन फॉस्फेटच्या दोन ऑक्सिजन अणूंशी हायड्रोजन बंध करते. त्याच्या जागी लायसिन घातले, तर धन प्रभार तसाच राहतो, परंतु दुहेरी पकड जाते आणि डोमेन जवळजवळ निकामी होते. हे आर्जिनिन बहुतेक सर्व एसएच२ डोमेनमध्ये असल्यामुळे पहिली पिन सर्वांसाठी सारखीच असते. दुसरी पिन मात्र प्रत्येकाची वेगळी असते. सार्क या कायनेजचे एसएच२ डोमेन फॉस्फोटायरोसिनच्या पुढे तिसऱ्या जागी आयसोल्युसिन असलेला क्रम पसंत करते. ग्रब-२ ला तिसऱ्या जागेशी फारसे कर्तव्य नसते. त्याला दुसऱ्या जागी ॲस्पॅराजिन लागते.

असे का, हे एकदा त्रिमितीय रचनेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. प्रोटीन डेटा बँकेत १टीझेडई या नोंदीत ग्रब-२ चे एसएच२ डोमेन एका फॉस्फोपेप्टाइडसह (फॉस्फेट बसलेल्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीसह) दिले आहे. ती नोंद कायमेरा किंवा पायमॉल या रचना दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत उघडून १२१ व्या ट्रिप्टोफॅनला रंग द्यावा. या ट्रिप्टोफॅनचे मोठे वलय पेप्टाइडच्या सरळ वाटेत आडवे आलेले दिसते. त्यामुळे पेप्टाइडला तिथे वळण घ्यावे लागते, आणि त्या वळणावर ॲस्पॅराजिन नेमके बसते व डोमेनच्या कण्याशी (मुख्य साखळीशी) हायड्रोजन बंध करते. दुसरे कोणतेही अमिनो आम्ल तिथे इतके बेमालूम बसत नाही. सार्कच्या डोमेनमध्ये त्या जागी थ्रिओनिन असल्यामुळे पेप्टाइड सरळ ताणून बसते. हा एक फरक हाताळून पाहिला, की पसंतीचे क्रम पाठ करण्याची गरज फारशी उरत नाही.

आता प्रत्यक्ष सराव करू. ईजीएफ या वाढघटकाला धरणाऱ्या ईजीएफआर या रिसेप्टरची युनिप्रॉटमधील नोंद पी००५३३ आहे. तिच्यातील शेवटची दीडशे अमिनो आम्ले कागदावर उतरवून घ्यावीत, प्रत्येक टायरोसिनभोवती गोल करावा आणि त्याच्यापुढील दुसरे अक्षर ॲस्पॅराजिनचे आहे का, ते पाहावे. टायरोसिन, आयसोल्युसिन, ॲस्पॅराजिन, ग्लुटामिन हा क्रम १०६८ या जागी सापडेल; टायरोसिन, हिस्टिडिन, ॲस्पॅराजिन, ग्लुटामिन हा क्रम १०८६ या जागी, आणि टायरोसिन, ल्युसिन, ॲस्पॅराजिन, थ्रिओनिन हा क्रम १११४ या जागी. ११७३ या जागी टायरोसिनपुढे ल्युसिन आणि आर्जिनिन आहेत. तिथे ॲस्पॅराजिन नाही, म्हणून ती जागा ग्रब-२ च्या थेट बंधासाठी बाद करावी. प्रत्यक्ष प्रयोगांत ग्रब-२ ची मुख्य जागा १०६८ ठरली आहे आणि तिच्या खालोखाल १०८६ चा क्रम लागतो. क्रम जुळला म्हणजे बंध शक्य आहे एवढेच कळते. पेशीत त्या टायरोसिनवर फॉस्फेट खरोखर किती वेळा बसतो, हे क्रम सांगत नाही.

हा सराव करताना क्रमांकांचा घोळ हमखास होतो, म्हणून इथेच इशारा देतो. वर दिलेले क्रमांक परिपक्व प्रथिनाचे आहेत. युनिप्रॉट मात्र सुरुवातीच्या २४ अमिनो आम्लांचा संकेत-पेप्टाइड धरून मोजते, आणि म्हणून १०६८ ही जागा तिथे १०९२ या क्रमांकाने दिसते. अँटिबॉडी विकत घेतानाही उत्पादकाने कोणती मोजणी वापरली आहे, ते तपासावे. एकाच जागेची अँटिबॉडी दोन क्रमांकांनी विकली जाते.

फॉस्फोटायरोसिन वाचणारे आणखी एक डोमेन पीटीबी या नावाचे असून ते एसएचसी या अडॅप्टर प्रथिनात आहे. ते टायरोसिनच्या मागची अक्षरे वाचते: ॲस्पॅराजिन, प्रोलिन, कोणतेही एक, आणि मग फॉस्फोटायरोसिन. ईजीएफआरच्या ११४८ या जागी हा क्रम आहे. एसएचसी तिथे बसले, की त्याच्या स्वतःच्या ३१७ व्या टायरोसिनवर फॉस्फेट चढतो आणि त्याच्यापुढे व्हॅलिन व ॲस्पॅराजिन असल्यामुळे ग्रब-२ तिथे येऊन बसते. म्हणजेच ग्रब-२ रिसेप्टरपर्यंत दोन वाटांनी पोहोचते, एक थेट आणि दुसरी एसएचसीमार्फत. प्रयोगात १०६८ ही जागा काढून टाकूनही ग्रब-२ रिसेप्टरसोबत का सापडते, याचे उत्तर पुष्कळदा इथे असते.

तिसरी पायरी: दोन्ही एसएच३ डोमेन वेगवेगळी वाचा

एसएच३ डोमेन सुमारे ६० अमिनो आम्लांचे असते आणि प्रोलिनने भरलेले पट्टे धरते. इथे फॉस्फेटची अट नाही, ही पहिली लक्षात ठेवण्याची गोष्ट. प्रोलिन, कोणतीही दोन अमिनो आम्ले आणि पुन्हा प्रोलिन, असा मूळ क्रम असतो. त्याच्या एका टोकाला आर्जिनिन किंवा लायसिन असते आणि ते कोणत्या टोकाला आहे यावरून पेप्टाइड डोमेनवर कोणत्या दिशेने बसणार ते ठरते. ग्रब-२ चे पहिले एसएच३ डोमेन सॉस या प्रथिनाच्या (त्याचे काम पाचव्या पायरीत येईल) शेवटच्या भागातील प्रोलिनचे पट्टे धरते. यांतल्या परिचित पट्ट्यात प्रोलिन, प्रोलिन, प्रोलिन, व्हॅलिन, प्रोलिन, प्रोलिन आणि मग आर्जिनिन असा क्रम आहे, म्हणजे धन प्रभार प्रोलिनच्या नंतर येतो.

दुसरे एसएच३ डोमेन दिसायला तसेच असले तरी त्याची आवड निराळी आहे. ते गॅब-१ आणि गॅब-२ या प्रथिनांतील असे पट्टे पसंत करते, ज्यांत आर्जिनिन, मध्ये दोन अमिनो आम्ले आणि मग लायसिन असा गाभा असतो. नेहमीच्या प्रोलिनच्या सूत्राने शोध घेतला, तर हे पट्टे निसटतात. म्हणून एसएच३ एवढे वाचून कोणत्याही डोमेनसाठी सरधोपट सूत्र लावू नये.

फॉस्फेट लागत नसल्यामुळे ग्रब-२ आणि सॉस हे संदेश येण्यापूर्वीपासूनच पेशीद्रवात एकमेकांना धरून असतात. आकृतीत मात्र ग्रब-२ आधी रिसेप्टरवर बसते आणि मग सॉस येऊन त्याला चिकटते, असा क्रम बाणांवरून भासतो. प्रत्यक्षात ही बहुधा जोडगोळीच येते.

चौथी पायरी: ताकद आकड्यांत मोजा

बंधाची ताकद विघटन स्थिरांकाने सांगतात, आणि तो जितका लहान तितका बंध घट्ट. एसएच२ आणि योग्य फॉस्फोपेप्टाइड यांच्यात हा आकडा साधारणपणे ०.१ ते १० मायक्रोमोलर असतो. एसएच३ आणि प्रोलिनच्या पट्ट्यात बहुतांशी १ ते १०० मायक्रोमोलर. अँटिबॉडी आपल्या लक्ष्याला नॅनोमोलर पातळीवर धरतात, त्या तुलनेत हे बंध सैल आहेत.

सैल म्हणजे किती, हे एका सोप्या गणिताने पाहू. मुक्त प्रथिनाच्या प्रमाणाला, ते प्रमाण अधिक विघटन स्थिरांक या बेरजेने भागले, की किती टक्के जागा भरल्या ते कळते. स्थिरांक १ मायक्रोमोलर धरा. प्रथिन ०.१ मायक्रोमोलर असेल तर जेमतेम ९ टक्के जागा भरतात, १ मायक्रोमोलर असेल तर ५० टक्के, आणि १० मायक्रोमोलर असेल तर ९१ टक्के. पेशीतील प्रथिनांचे प्रमाण बहुधा याच टापूत असते, त्यामुळे ते थोडे वाढले किंवा घटले तरी बंधाचे चित्र बदलते. म्हणूनच पेशीत एखादे अडॅप्टर प्रथिन कृत्रिमरीत्या भरमसाट तयार करून मिळालेल्या बंधाविषयी मी नेहमी साशंक असतो.

बंध सैल आहे हा दोष समजण्याचे मात्र कारण नाही. २०१२ मध्ये कॅनडातील संशोधकांनी एसएच२ डोमेनमध्ये तीन बदल करून त्याची फॉस्फोटायरोसिनवरची पकड कित्येक पटींनी वाढवली. असे डोमेन पेशीत घातल्यावर ईजीएफआरचा संदेश पुढे जाण्याऐवजी अडला, कारण ते डोमेन फॉस्फोटायरोसिनवर ठाण मांडून बसले आणि इतरांना तिथे येऊच देईना. संदेश सुरू व्हावा आणि थांबावाही, यासाठी बंध सुटणे आवश्यक असते.

पाचवी पायरी: जागा आणि वेळ विचारा

सॉस हे रास या लहान प्रथिनावरील जीडीपी सोडवते, त्याच्या जागी जीटीपी बसते आणि रास जागे होते. रास पेशीपटलाच्या आतल्या बाजूला चिकटलेले असते, तर सॉस पेशीद्रवात असते. ग्रब-२ रिसेप्टरला धरते तेव्हा सॉस आपोआप पटलाजवळ येते, आणि या कामाचा गाभा एवढाच आहे. याची सुरेख कसोटी १९९४ मध्ये झाली. सॉसला पटलाकडे नेणारी खूण थेट जोडून पेशीत घातले, तेव्हा बाहेरून वाढघटक न देताही रास जागे झाले. अडॅप्टर प्रथिन नेमके काय करते, असे कोणी विचारले, तर मी हाच प्रयोग सांगतो.

ग्रब-२ फक्त सॉसलाच आणते असे मात्र नाही. त्याची एसएच३ डोमेन सीबीएल या प्रथिनालाही धरतात, आणि सीबीएल रिसेप्टरवर युबिक्विटिन चढवून त्याला पेशीच्या आत ओढण्याची व नष्ट करण्याची व्यवस्था करते. संदेश वाढवणारा आणि संदेश संपवणारा असे दोघेही एकाच अडॅप्टरवर हक्क सांगतात. त्यातच, मार्ग चालू झाल्यावर खाली जागे झालेले ईआरके हे कायनेज उलट सॉसवर फॉस्फेट चढवते आणि त्यामुळे सॉसचे बंध ढिले पडतात. म्हणून संदेश दिल्यानंतर २ मिनिटांनी घेतलेला नमुना आणि ३० मिनिटांनी घेतलेला नमुना यांचे उत्तर सारखे येईल अशी अपेक्षाच धरू नये.

सहावी पायरी: प्रयोगशाळेत पडताळा

कागदावर काढलेला निष्कर्ष तपासण्याची सर्वांत सुलभ पद्धत म्हणजे पुल-डाउन. ग्रब-२ ला जीएसटी नावाचे प्रथिन जोडून (हा कर नव्हे, ग्लुटाथायोनला धरणारे एन्झाइम) जिवाणूंत तयार करतात, ग्लुटाथायोनच्या मण्यांवर बसवतात आणि त्यावरून पेशींचा अर्क फिरवतात. मण्यांवर काय अडकले, ते वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिने वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीने, पाहतात.

सुरुवातीला ए-४३१ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी घ्याव्यात, कारण त्यांच्यावर ईजीएफआर विपुल असतो आणि संकेत स्पष्ट मिळतो. आदल्या रात्री पेशींना सीरमविरहित माध्यमात ठेवावे, अन्यथा सीरममधील वाढघटकांमुळे संदेश आधीच चालू असतो. दुसऱ्या दिवशी एका थाळीला प्रति मिलिलिटर १०० नॅनोग्राम ईजीएफ ५ मिनिटे द्यावे आणि दुसऱ्या थाळीला काहीच देऊ नये. वेळ संपताच थाळी बर्फावर ठेवून थंड बफरने धुवावी. इथून पुढे सर्व काम ४ अंश सेल्सिअसला चालते.

पेशी फोडताच आतले फॉस्फेटेज मोकळे होतात आणि टायरोसिनवरचे फॉस्फेट भराभर उतरवतात. त्यांना रोखण्यासाठी अर्काच्या बफरमध्ये १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घालतात, आणि नवागतांचे प्रयोग सर्वाधिक वेळा याच पदार्थापाशी फसतात. व्हॅनाडेट पाण्यात विरघळवून पीएच १० वर आणले, की द्रावण पिवळसर दिसते. हा पिवळेपणा व्हॅनाडेटचे आयन एकमेकांना जोडले गेल्याचे लक्षण आहे आणि त्या रूपात ते निरुपयोगी असते. द्रावण उकळून रंगहीन करावे, थंड झाल्यावर पीएच पुन्हा १० वर आणावा, आणि रंग परत येणे थांबेपर्यंत हे चक्र चालू ठेवावे. त्यानंतर लहान भाग करून गोठवावेत. अर्काच्या बफरमध्ये डीटीटी किंवा ईडीटीए घातले, तर दोन्ही पदार्थ व्हॅनाडेटला निष्प्रभ करतात. अनेक प्रयोगशाळांच्या ठरावीक बफरमध्ये ईडीटीए असतेच, म्हणून बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय ती वापरू नये. १ टक्का ट्रायटन (सौम्य डिटर्जंट) असलेला बफर चालतो. एसडीएस हे तीव्र डिटर्जंट असलेल्या बफरमध्ये हे सैल बंध तुटण्याची भीती असते.

मण्यांसोबत अर्क १ ते २ तास फिरवावा आणि नंतर तीन वेळा चटकन धुवावे. स्वच्छतेच्या हौसेने दहा वेळा धुतले, तर बंधही वाहून जातात, कारण एसएच२ चे बंध काही सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर सुटतात आणि मुक्त झालेले प्रथिन धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जाते.

नियंत्रणे किमान चार हवीत: नुसते जीएसटी असलेले मणी, ईजीएफ न दिलेला अर्क, ८६ व्या आर्जिनिनच्या जागी लायसिन असलेले ग्रब-२, आणि मण्यांवर न नेलेला थोडा मूळ अर्क. ईजीएफ दिल्यावरच ईजीएफआरची सुमारे १७० किलोडाल्टनची पट्टी दिसली आणि उत्परिवर्तित ग्रब-२ वर ती गायब झाली, तर बंध एसएच२ मधूनच आहे असे म्हणता येते. याच ब्लॉटवर सॉस तपासले, तर त्याची सुमारे १५० किलोडाल्टनची पट्टी ईजीएफ न देताही आणि लायसिनच्या बदलानंतरही टिकलेली दिसावी, कारण तो बंध एसएच३ चा आहे. दोन भागीदार एकाच ब्लॉटवर असे विरुद्ध वागताना पाहणे, हा तिसऱ्या पायरीचा उत्तम पुरावा आहे.

जागा पक्की करायची असल्यास रिसेप्टरमधील टायरोसिनच्या जागी फेनिलॲलॅनिन घालावे. उलट बाजूने, कायमचा फॉस्फेट दाखवण्यासाठी तिथे ग्लुटामिक आम्ल घालण्याची युक्ती सेरिनच्या बाबतीत कधीकधी चालते, पण एसएच२ डोमेन तिला फसत नाही. ग्लुटामिक आम्लाचा आकार आणि प्रभार फॉस्फोटायरोसिनच्या जवळपासही जात नाही.

अँटिबॉडी वापरून पेशीतलेच ग्रब-२ ओढणार असाल, तर एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ग्रब-२ चे वजन २५ किलोडाल्टन, आणि अँटिबॉडीच्या हलक्या साखळीचेही तेवढेच. एसएचसीचे मुख्य रूप ५२ किलोडाल्टनचे, आणि जड साखळी सुमारे ५० ची. ब्लॉटवर दोन्ही ठिकाणी जाड काळे पट्टे दिसतात आणि पाहणारा ते आपलेच प्रथिन समजून खूश होतो. ओढण्यासाठी सशाची आणि ब्लॉटसाठी उंदराची अँटिबॉडी वापरावी, किंवा अँटिबॉडी मण्यांना कायमची जोडून घ्यावी. फॉस्फोटायरोसिनच्या ब्लॉटला दुधाच्या भुकटीऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन) वापरावे, कारण दुधातील केसीन स्वतःच फॉस्फेटधारी असते.

सातवी पायरी: थेट बंध आहे का, ते वेगळे तपासा

पेशीच्या अर्कात हजारो प्रथिने असतात, त्यामुळे पुल-डाउनमध्ये दोन प्रथिने एकत्र आली तरी त्यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही, याची खात्री मिळत नाही. एसएचसीचे उदाहरण वर आलेच आहे. थेट बंध सिद्ध करायचा, तर दोन्ही बाजू शुद्ध स्वरूपात हव्यात. फ्लुओरेसिन जोडलेले फॉस्फोपेप्टाइड सुमारे १० नॅनोमोलर ठेवून त्यात शुद्ध एसएच२ डोमेन वाढत्या प्रमाणात घालावे आणि प्रकाशाचे ध्रुवीकरण मोजावे. पेप्टाइड बांधले गेले, की ते मंद फिरते आणि ध्रुवीकरण वाढते. प्रथिनाचे प्रमाण अपेक्षित स्थिरांकाच्या दहाव्या भागापासून किमान दहा पटींपर्यंत नेले नाही, तर वक्र वर जाऊन सपाट होत नाही आणि त्यातून काढलेला आकडा भरवशाचा राहत नाही. तेच पेप्टाइड फॉस्फेटविना घेऊन दुसरी मालिका करावी. या मोजणीसाठी जीएसटी कापून टाकणे इष्ट, कारण जीएसटी जोडीने राहते आणि जोडीने धरल्यामुळे बंध आहे त्यापेक्षा घट्ट भासू शकतो.

आठवी पायरी: निष्कर्ष जेवढा पुरावा तेवढाच लिहा

वहीत प्रत्येक बंधासाठी पाच गोष्टी नोंदवाव्यात: ग्रब-२ चे कोणते डोमेन, भागीदाराची कोणती जागा, फॉस्फेट लागतो की नाही, बंध थेट असल्याचा पुरावा आहे की नाही, आणि तो कोणत्या पेशींत व किती मिनिटांनी दिसला. यांतली एखादी चौकट रिकामी असेल, तर ती रिकामीच ठेवावी. पुल-डाउनवरून ‘ग्रब-२ ईजीएफआरला थेट धरते’ असे लिहिण्याचा मोह होतो. तिथे ‘ईजीएफ दिलेल्या ए-४३१ पेशींच्या अर्कातून ग्रब-२ च्या एसएच२ डोमेनने ईजीएफआर ओढला गेला’ एवढेच लिहिणे योग्य ठरते.

हाच तक्ता नव्या प्रथिनावर वापरून पाहण्यासाठी टी पेशींतील एलएटी हे अडॅप्टर घ्यावे. ते पटलात रोवलेले असते आणि त्याच्या शेपटातील चार टायरोसिन महत्त्वाचे मानले जातात. १३२ या जागी टायरोसिननंतर ल्युसिन, व्हॅलिन, व्हॅलिन. १७१ आणि १९१ या जागी व्हॅलिन, ॲस्पॅराजिन, व्हॅलिन. २२६ या जागी ग्लुटामिक आम्ल, ॲस्पॅराजिन, ल्युसिन. दुसऱ्या पायरीचा नियम लावला, तर १७१, १९१ आणि २२६ या तीन जागा ग्रब-२ साठी मोकळ्या असल्याचे दिसेल, आणि प्रयोगांतही तसेच आढळले आहे. १३२ ची जागा पीएलसी-गॅमा-१ या एन्झाइमची आहे. त्याचे एसएच२ डोमेन त्या ल्युसिन आणि दोन व्हॅलिनना कसे बसवून घेते, हे १२१ व्या ट्रिप्टोफॅनपाशी केली तशीच तपासणी करून वाचकाने आता स्वतः पाहावे.